खालच्या मजल्यावरचा पलंग

दत्तजयंतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळचे सात, तव्यावर पोळी, आणि फोन वाजला. आमच्या इंदूरच्या रामबागेतलाच एक मुलगा एका दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. "मावशी, इथे एक आजी आहेत. हिंदीत विचारलं की गप्प बसतात, मराठीत काहीतरी पुटपुटतात. येता का जरा?"

गेले. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, टाके काढलेले, समोर वॉकर. डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याच्या जागी लिहिलेलं, 'अज्ञात'. मी नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं तर भिंतीकडे बघायला लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मले घरी नाही जायाचं." माझं माहेर भुसावळचं, त्यामुळे एवढ्या बोलण्यावरून बाई रावेर-यावलकडची हे कळलं. त्यापलीकडे काही नाही.

दवाखान्याचं म्हणणं, पेशंट चालतंय, पलंग रिकामा करा. त्यांना तरी काय बोलणार? बाहेर स्ट्रेचरवर दोघं जण तळमळत होते. मग मी आणि त्या मुलाने फोन सुरू केले. पहिल्या रैन बसेऱ्यातून, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यातून, उत्तर आलं, "लेडीज़ का हॉल ऊपर है, अम्मा चढ़ लेगी?" दुसऱ्याने आधार मागितलं. तिसऱ्याचा नंबर बंद. हेल्पलाइनवरची मुलगी गोड बोलली आणि म्हणाली, थाने से लिखवा लाइए. ठाण्यात सांगितलं, हे दवाखान्याचं काम. एका धर्मशाळेत विचारलं, तर एकट्या बाईला खोली देत नाही म्हणे. रात्री साडेदहाला आजी वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात, माझ्या शालीत गुंडाळून. रात्रपाळीच्या सिस्टरने न पाहिल्यासारखं केलं, तेवढीच त्या रात्रीची माणुसकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक बसेरा सापडला. तोही कसा, तर आमच्या भाजीवाल्याचा साडू तिथे चौकीदार म्हणून. तिथल्या मॅनेजरने काय सांगावं? "भाभीजी, नीचे के दो पलंग तो आठ दिन से खाली पड़े हैं. किसी ने पूछा ही नहीं."

मंडळी, ही पोस्ट त्या दोन पलंगांबद्दल आहे.

बेघरांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच दोन रुळांवर जाते. एक, सरकार काही करत नाही. दोन, हे लोकच असले, घोंगडी दिली तरी विकून खातात. मी तीन हिवाळे आमच्या भजनी मंडळाच्या बायकांबरोबर स्टेशन आणि सरवटे बसस्टँडच्या बाजूला घोंगड्या वाटल्या आहेत. हो, विकतात. एकाच माणसाला एका रात्रीत चार मंडळं चार घोंगड्या देऊन जातात. तो तीन विकणार नाही तर काय करेल, उशाला कपाट आहे त्याच्या? आणि त्याच रात्री पुलाखालच्या बाईला एकही मिळत नाही, कारण तिथे गाडी लावायला जागा नसते. (आम्हीही लावली नव्हती. कबूल.)

सरकार काही करत नाही, हेही खरं नाही. शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने, चोवीस तास, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगून झालं आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती वीस लाखांच्या घरात होती. हिशोब तुम्हीच करा. पुढे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी वेगळी योजना आली. माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, निवारा स्टेशन-बसस्टँड-बाजाराजवळ असावा, राहणाऱ्यांना रेशन, आधार, दवाखाना यांच्याशी जोडून द्यावं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. पाच रुपयांत जेवण देणारी दीनदयाळ रसोई आहे. मानसिक रुग्ण रस्त्यावर फिरताना दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षण द्यावं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. आणि गुरुद्वारे, मंडळं, लग्नातलं उरलेलं जेवण पोचवणारी पोरं, आपल्याकडे कमी आहेत का?

त्या रात्री आजींसाठी इमारत होती, पलंग होता, योजना होती, दया करणारेही होते. या हातातून त्या हातात द्यायला मात्र कुणी नव्हतं. डिस्चार्ज देणाऱ्याला रिकामा पलंग माहीत नाही, पलंगवाल्याला डिस्चार्ज माहीत नाही, आणि हेल्पलाइनला दोन्ही माहीत नाही.

माझी भाचेसून ह्यूस्टनला असते. तिला हे सगळं सांगितलं, तर तिने तिथली पद्धत सांगितली. अमेरिकेत केंद्र सरकार बेघरांसाठीचा पैसा सुट्या सुट्या संस्थांना न देता बऱ्याच अंशी एकेका प्रदेशाच्या एकत्रित मंडळामार्फत देतं. शहर, आसपासचा परिसर, दवाखाने, संस्था, चर्च सगळे एका टेबलाशी. यादी एक. माणूस कुठल्याही दारातून आत आला तरी नाव त्याच यादीत चढतं, आणि घर मिळण्याचा क्रम आधी कोण आला यावर ठरत नाही, कोणाची अवस्था जास्त वाईट यावर ठरतो. जानेवारीतल्या एका रात्री माणसं मोजतात. ह्यूस्टनमध्ये शंभरावर संस्था अशा एकत्र आल्या, आणि २०१२ पासूनच्या दहा वर्षांत पंचवीस हजारांवर लोक रस्त्यावरून घरात गेले. आधी दारू सोड, मग घर देतो, अशी अटही नाही. आधी घर, बाकीचं नंतर.

लगेच कमेंटमध्ये "अमेरिकेचं कौतुक" म्हणून येऊ नका. जानेवारी २०२४ च्या मोजणीत त्या देशात ७,७१,४८० माणसं बेघर निघाली. भाडी वाढली की यादी कितीही चांगली असो, ती लांबतच जाते, हे भाचेसुनेनेच सांगितलं. पण यादी लांबते आहे एवढं तरी त्यांना कळतं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत, २८ फेब्रुवारीच्या रात्री, देशभरात १७.७ लाख बेघर मोजले. त्यानंतरची जनगणना आता २०२७ ची. त्या रात्री फुटपाथवर जन्मलेलं लेकरू तोवर दहावी पास होईल.

आणि माणसं जोडून काम करणं आपल्या शहराला शिकवायला नको. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिले आलो, ते काय झाडू जास्त मारले म्हणून? कचरा वेचणारे, संस्था, वॉर्डाचे सफाई दरोगे, गाडीवाले, आपण घरातल्या बायका, सगळ्यांना एका साखळीत ओवलं म्हणून. आमच्या गल्लीत गाडी आली नाही तर कुठे अडकली हे कंट्रोल रूमला दिसतं. संध्याकाळी सात वाजता शहरात किती पलंग रिकामे आहेत, त्यातले खालच्या मजल्यावर किती, बायकांसाठी किती, एवढं दिसणं त्याहून अवघड आहे का हो?

आता इथे मी जरा अडते, आणि हे लिहायला मला आठवडा लागला.

यादी करा, यादी करा म्हणते आहे खरी. पण जानेवारी २०२१ आठवतो ना? महापालिकेच्या गाडीत म्हातारीकोतारी माणसं, त्यांच्या गाठोड्यांसकट, शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरवली होती. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ फिरला, माणसं परत गाडीत चढवून आणली, अधिकारी निलंबित झाले. कोण कुठे झोपतं याची यादी चुकीच्या हाती पडली, तर ती गाडी कुठल्या गल्लीत न्यायची याची यादी होते. त्यामुळे ही वही अतिक्रमणवाल्यांच्या खात्यात असता कामा नये, हे माझं ठाम मत आहे. दवाखान्याच्या समाजसेवा विभागात ठेवा, बसेऱ्यांच्या समितीकडे ठेवा, त्या समितीत तिथे राहणारेही बसवा. ज्याचं नाव लिहायचं त्याला विचारून लिहा.

भिकारीमुक्तीचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ लागला, आणि भिकाऱ्याची खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस होतं. लहान मुलांना भिकेला लावणाऱ्या टोळ्या मोडल्या तर उत्तमच. पण बेघर म्हणजे भिकारी हे समीकरण कुणी मांडलं? रात्री दोननंतर सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊन बघा. दुकानं आवरली की भांडी घासणारी पोरं ओटल्यावर पथारी पसरतात. सियागंजचे हमाल, लग्नांत वाढपी म्हणून जाणारे, मजूर चौकात सकाळी उभे राहणारे, हे सगळे कमावते आहेत. दहा वाजता फाटक लावणारा बसेरा सराफ्यातल्या पोराच्या काय कामाचा? त्याची पाळी तेव्हा सुरू होते. कुणी त्याला विचारलं असतं, तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

कागदांचं तर विचारू नका. आजींचे अंगठे घासलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. आधार निघायला आम्हाला तीन खेपा झाल्या, आणि आधारशिवाय रेशन नाही, पेन्शन नाही. या बाबतीत मला निवडणूक आयोगाचा नियम फार आवडतो. बेघर माणसाने मतदारयादीसाठी अर्ज केला, तर राहण्याचा पुरावा मागायचा नाही. बीएलओने, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्रीच्या वेळी, एकापेक्षा जास्त रात्री, तिथे जायचं आणि हा माणूस खरंच इथे झोपतो का ते डोळ्यांनी बघायचं. मतासाठी जो विश्वास ठेवता येतो, तो गव्हासाठी का नाही?

अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती आपण केली. राजवाड्यासमोर पुतळ्याला हार घातले, मीही नऊवारी नेसून गेले होते. बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभारली, हे प्रत्येक भाषणात आलं. ती चालावीत म्हणून त्यांनी खासगीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, खर्चाची सोय लावून दिली होती, ते कुणी बोललं नाही. चूल पेटवणारा, पाणी भरणारा, हिशोब ठेवणारा, यांच्या पोटाची तजवीज. आजच्या बसेऱ्यात एक मॅनेजर आणि एक चौकीदार असतात. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, आधारच्या रांगेत उभं राहायचं, भांडण सोडवायचं, रजिस्टर लिहायचं, सगळं त्यांनीच. नवी इमारत बांधली की फीत कापता येते. एक समाजसेविका पगारावर ठेवली तर काय कापणार?

आजी त्याच बसेऱ्यात आहेत. सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून मेथी निवडतात. दुसऱ्या कुणी निवडली तर काड्या राहिल्या म्हणून परत पसरवून घेतात. एकादशीला मी जाते तेव्हा मिश्रीची डबी न्यावी लागते, नाहीतर तोंड फिरवतात. केळीच्या बागेत जन्म गेला, एवढं एकदा बोलल्या. रजिस्टरमध्ये 'मूल निवास' हा रकाना अजून कोराच आहे आणि मॅनेजर आता विचारत नाही.

माझ्याकडे एक शंभर पानी वही झाली आहे. तीन बसेऱ्यांचे मॅनेजर रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आकडा टाकतात, मी लिहून ठेवते. वॉर्डबॉयने माझा नंबर आणखी दोघांना दिला, त्यांनी आणखी कुणाला. नातू चिडवतो, आजी, तू कंट्रोल रूम आहेस. बासष्ट वर्षांच्या बाईच्या फोनवर शहराने का चालावं, हा माझा प्रश्न आहे. गेल्या महिन्यात मला ताप आला आणि चार दिवस वही कोरी राहिली. त्या चार दिवसांत कोणाकोणाला व्हरांड्यात झोपावं लागलं, कुणास ठाऊक.

काल रात्री पुन्हा फोन. "मावशी, एक काका आहेत, एक पाय नाही. खाली जागा आहे का?" वही उघडली. खाली एक.