"मशीन असूनही दिले नाही" या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

तुम्ही मराठीत लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. पेनसिल्व्हेनियातल्या या बंदुकीच्या सामानाच्या दुकानाच्या पानावर पहिल्यांदाच मराठी मजकूर आला आणि तोही एका ताऱ्याचा, हे आमचे नशीब!

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: मेक कंपनीचे काडतुसे भरायचे 9000 मशीन फळीवर असूनही दिले नाही, त्याऐवजी साधे 600 ज्युनियर गळ्यात मारले, वर तराजू घ्यायला लावला, जुन्या पार्कर बंदुकीसाठी "लाकडी दांडा आणि हातोडा" हातात ठेवला, काळी दारू (बंदुकीत भरायची जुन्या पद्धतीची पूड) वेबसाइटवर दाखवून दुकानात नाही म्हटले, पार्सलमध्ये चुकीचे बुशिंग निघाले, आणि दोनदा फोन करूनही कोणी उचलला नाही.

शेवटच्या तिन्ही चुका आमच्या, म्हणून त्या आधी घेतो. काळी दारू इथल्या केंद्रीय कायद्याने स्फोटक धरली जाते आणि ती विकायला वेगळा परवाना लागतो. आमच्याकडे तो नाही. वेबसाइटवर ती "उपलब्ध" दिसत होती, ते काढून टाकले आहे. फोनचे काय सांगू? शनिवारी काउंटरवर मी एकटाच असतो. पण निरोप ठेवल्यावर सोमवारी तरी उलट फोन यायला हवा होता, तो आला नाही.

बुशिंगची चूक मात्र मनाला लागली. मशीनच्या आडव्या पट्टीत बसणाऱ्या त्या छोट्या नळकांड्याच्या भोकावरच दर काडतुसात किती दारू पडणार ते ठरते. तुम्ही सांगितलेल्या नंबराऐवजी भलताच, मोठ्या भोकाचा नंबर पाकिटात गेला. बांधणाऱ्या मुलाने वाचला नाही आणि मी तपासला नाही. तुम्हीच लिहिले आहे की वजन करून पाहिले तर हवे त्यापेक्षा दोन ग्रेनहून जास्त भरत होते. ते वजन ज्या तराजूवर केलेत, तोच तुम्हाला नको होता. हे टोमणा म्हणून म्हणत नाही, कारण त्याने माझी चूक कमी होत नाही. पण तराजू मी का घ्यायला लावतो, ते आता वेगळे सांगायला नको. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. डोळ्यांना तो फरक दिसत नाही. बरोबर नंबराचे बुशिंग असले तरी हँडल ओढण्याच्या लकबीप्रमाणे दारू कमीजास्त पडते, म्हणून सुरुवातीची दहा-बारा मापे तोलूनच पुढे जावे.

आता मशीन. तुमच्याकडे सोळा गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) दोन बंदुका आहेत: क्लबात क्ले, म्हणजे उडत्या चकत्या, पाडायला नवी, आणि लिलावात घेतलेली, 1890च्या दशकातली डॅमॅस्कस नळ्यांची पार्कर. दोन्हींची काडतुसे एकाच 9000वर भरायची, असा तुमचा बेत होता. दर ओढीला एक तयार काडतूस, तासाभरात डबा भरला. तुम्ही फक्त नवी बंदूक घेऊन आला असतात तर मी ते मशीन आनंदाने बांधून दिले असते. 600 ज्युनियरच्या दुपटीहून जास्त किंमत आहे त्याची. गळ्यातच मारायचे असते तर तेच मारले नसते का?

अडचण लांबीची आहे. त्या दिवशी मापकांडी घालून तुमच्यासमोर मोजले: पार्करचे चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) 65 मिलिमीटर, नव्या बंदुकीचे 70. लांबी मोजतात ती तोंड उलगडलेल्या काडतुसाची. भरलेल्या काडतुसाचे तोंड चुणीदार दुमडलेले असते, त्यामुळे 70चे काडतूस तेव्हा साठाच्या आतबाहेरच भरते. म्हणजे ते पार्करमध्ये अलगद सरकते आणि बंदूक खटकन बंदही होते. काही अडत नाही, काही टोचत नाही. बार उडाला की मात्र त्या दुमडीला उलगडायला जागा नसते. ती चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. आणि हे काडतूस असते नव्या बंदुकीचे, ज्याला 11,500 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) दाबाची मुभा आहे. नळी आहे लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सांधून केलेली, सव्वाशे वर्षांची. खांद्याला धक्का जास्त बसला असता तर कळले असते, असे तुम्ही म्हणालात. नाही कळत. धक्का छऱ्यांच्या वजनावर आणि वेगावर ठरतो. आतला दाब खांद्याला समजत नाही.

म्हणून दोन बंदुकांची काडतुसे मी दोन ठिकाणी पाडली. नवीसाठी 600 ज्युनियर: एका वेळी एकच काडतूस, प्रत्येक टप्प्यावर नजर. तुम्ही पहिल्यांदाच भरताय, म्हणून हे. वर्षभराने 9000 घ्यायला या, जुने परत घेऊ.

पार्करसाठी पितळी काडतुसे. "लाकडी दांडा" तो ती हाताने भरायलाच. जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) ठोकून काढायचा, नवा बसवायचा (या पितळी काडतुसांना लार्ज पिस्टल प्रायमर लागतो, नेहमीचा 209 नंबरचा बसत नाही), पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची पूड) टाकायची, वर पुठ्ठ्याचे आणि नमद्याचे वॅड, म्हणजे दारू आणि छऱ्यांमधले बूच, दाबायचे, छरे, शेवटी पातळ चकती आणि कडेने डिंकासारखा चिकटवा. पितळ आतून मोठे असते, म्हणून वॅडही मोठ्या मापाचे दिले; पावतीवर ते "चुकीचे" वाटले ते यामुळे. पायरोडेक्स तोलायची नसते, चमच्याच्या मापाने घ्यायची. त्यामुळे इथे तराजू बाजूला राहू द्या. ती मशीनच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत मात्र ओतू नका. एका संध्याकाळी वीस-पंचवीस काडतुसे होतील. जुन्या बंदुकीला तेवढी पुष्कळ. मुख्य म्हणजे पिवळेधमक पितळ आणि लाल प्लॅस्टिक यांची अंधारातसुद्धा गल्लत होत नाही.

"भरायचे प्रमाण विचारले तर पुस्तक पुढे केले," असेही लिहिलेत. खरे आहे. तोंडी प्रमाण मी कोणालाच देत नाही, अगदी मेव्हण्यालाही दिले नाही. दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकात जे काडतूस, जो प्रायमर, जे वॅड छापले आहे तेच घ्यायचे. एक बदलले की ती ओळ तुमची राहिली नाही.

राहता राहिले "घाबरवले" हे. नळ्या सुट्या करून बोटावर टांगल्या आणि लाकडाने टिचकी मारली, आठवते? मडके घेताना आपण वाजवून बघतो, तसेच. शाबूत नळ्या घंटेसारख्या घुमतात. तुमच्या बद्द वाजल्या, म्हणजे मधली पट्टी कुठेतरी सुटली असावी. शिवाय डाव्या नळीत आतून खड्डे दिसले. तिथे धातू किती उरला आहे हे माझ्या काउंटरवर मोजता येत नाही; त्यासाठी नळीची जाडी मोजणारा कारागीर हवा. त्याचा पत्ता तुम्हाला चिठ्ठीवर लिहून दिला होता. त्याने हो म्हणेपर्यंत पितळी काडतूससुद्धा त्यात घालू नका. खंडेनवमीला बार काढायचा तुमचा उत्साह समजतो, पण यंदा हळदकुंकू वाहून पूजा तेवढी करा.

बरोबर नंबराचे बुशिंग तुमच्या नावाने काउंटरवर ठेवले आहे, पार्सलचा खर्चही परत केला आहे. चुकीचे आणून दिलेत तर बरे, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या पाकिटात जाणार नाही.