वाळा बांध धरतो, पण मुळं जमिनीत राहिली तरच

वाळ्याबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: वाळ्याचं बी टाका आणि विसरून जा, त्याला ना पाणी लागतं, ना निगा, पोलादासारख्या मुळांमुळे दरड कोसळत नाही, शिवाय दीड वर्षाने मुळं काढून तेलासाठी विका, बांध शाबूतच राहतो. वाळा हे आपल्याच मातीतलं गवत आणि त्याचे गुण खरोखर मोठे आहेत. म्हणूनच हे खोडून काढायला हवं. असल्या भरवशावर लावलेली ओळ फसली की लोक वाळ्यालाच नावं ठेवतात आणि पुन्हा लावत नाहीत.

आधी बियाचं. दक्षिण भारतात लागवडीखाली असलेल्या वाळ्याला तुरे येतात, पण उगवणारं बी जवळपास धरत नाही. उत्तरेत पाणथळ जागी आपोआप वाढणाऱ्या वाळ्याला बी धरतं, आणि नेमकं तेच बांधावर नको, कारण ते शेतात उतरून तण होऊ शकतं. बी न धरणारा वाळा लावलेल्या जागीच बेट करून राहतो. तो वाढवायचा ठोंब फोडून. दोन-तीन फुटव्यांचा ठोंब घ्यावा, पाती 15 ते 20 सेंमी आणि मुळं 10 सेंमीच्या आत छाटावीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर 10 ते 15 सेंमी अंतराने लावावा. ठोंब वाचवायला हे अंतर वाढवू नये. ओळीत खिंड राहिली की अडलेलं सगळं पाणी तिथूनच धावतं आणि ओघळ पडते.

‘पाणी नको, निगा नको’ हे मुरलेल्या बेटापुरतं बरंचसं खरं आहे. मुळं खोल गेल्यावर वाळा दुष्काळ सोसतो आणि साचलेलं पाणीही. पण पहिल्या हंगामात पावसाने ओढ दिली तर त्याला पाणी द्यावंच लागतं, तण काढावं लागतं, मेलेल्या ठोंबाच्या जागी नवा लावावा लागतो. सावली मात्र त्याला कधीच सोसत नाही. दाट झाडाखालची ओळ विरळ होत जाते.

ओळीच्या दिशेबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ओळ उताराला आडवी, समपातळीवर हवी. शेताची हद्द उताराच्या दिशेने जात असेल, तर तिच्यावरचा वाळा हद्द दाखवेल, माती अडवणार नाही. आडव्या ओळीत पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे बसतो, त्या गाळात बुडालेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि बेट गाळाबरोबर वर चढतं. काही वर्षांत तिथे आपसूक ताल, म्हणजे उतारावरची सपाट पायरी, तयार होते. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी वाळ्याच्या ओळी फार पूर्वीपासून राखत आले आहेत. जागतिक बँकेने 1980 च्या दशकात भारतात या पद्धतीचा पुरस्कार केला, तो त्यानंतरचा.

आता पोलाद. वाळ्याच्या मुळांची ताणशक्ती मोजलेली आहे. ती सरासरी सुमारे 75 मेगापास्कल भरते, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी. गवतासाठी हा आकडा थक्क करणारा आहे, फुगवायची गरजच नाही. चांगल्या जमिनीत मुळं दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही खोल जातात. तेवढ्या थरातली धूप आणि उथळ घसरण वाळा रोखू शकतो. घसरणीचा थर मुळांच्या खाली असेल, तर गवतासकट सगळी माती खाली येते. घरामागच्या उभ्या कड्यावर वाळा लावून निर्धास्त झोपायला सांगणं हा जिवाशी खेळ आहे. तिथे पाण्याचा निचरा आणि भूस्खलनाच्या जाणकाराची पाहणी आधी.

सर्वांत घातक आहे तो शेवटचा दावा. वाळ्याचं तेल मुळांत असतं. ती मिळवायला 15 ते 18 महिन्यांनी अख्खं बेट खणून काढावं लागतं आणि जमीन खोलवर उकरली जाते. ज्या मुळांनी माती बांधली होती तीच निघाली, तर बांध कशाच्या आधारावर उभा राहणार? उलट, भुसभुशीत झालेली ती पट्टी पुढच्या पावसात आधी वाहून जाते. हैती हा वाळ्याच्या तेलाचा जगातला एक मोठा उत्पादक देश, आणि तिथे उतारांवर मुळं खणल्याने होणारी धूप हा जुना प्रश्न आहे. तेलासाठी वाळा घ्यायचा तर सपाट, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत वेगळा लावावा. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्यासाठी ‘धारिणी’, ‘केसरी’, ‘गुलाबी’ असे वाणही दिले आहेत. बांधावरच्या ओळीतून फक्त पाती घ्यावीत: 30 ते 45 सेंमीवर कापावीत, कोवळी जनावरांना घालावीत, जून झालेली आच्छादनाला वापरावीत. बेटाला कुदळ लावू नये.