पोटात थेट दिल्या जाणाऱ्या केमोविषयी : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या प्रतिक्रियेतील दोन आक्षेप मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की, कर्करोगाच्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर पोटाच्या पोकळीत गरम औषध फिरवण्याचा उपचार फ्रान्समधील चाचणीत निरुपयोगी ठरला असताना मी त्याची भलामण केली. दुसरा असा की, हा श्रीमंतांचा उपचार असून सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या, आपल्या मावशींसारख्या स्त्रियांना त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आपण म्हणता ती चाचणी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, शस्त्रक्रियेनंतर ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध अर्धा तास पोटात फिरवूनही आयुर्मानात फरक पडला नाही, हे खरेच आहे. परंतु मावशींचा आजार अंडाशयाचा आहे. त्यासाठीच्या नेदरलँड्समधील चाचणीत औषध सिस्प्लॅटिन होते, वेळ दीड तासाची होती आणि २०१८ साली जाहीर झालेले मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्म्या रुग्ण स्त्रिया जितका काळ जगल्या, तो काळ) गरम औषधाविना शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३३.९ महिन्यांऐवजी ४५.७ महिने भरले. कर्करोग निराळा, औषध निराळे, वेळही निराळी. एकाचा निकाल दुसऱ्याला लावणे मला रास्त वाटत नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. गरम औषध फिरवायला यंत्र लागते आणि मोठी शस्त्रक्रियाही, हे नाकारता येत नाही. पण पोटात औषध देण्याची याहून जुनी पद्धत साधी आहे : बरगड्यांच्या खालच्या कडेशी कातडीखाली एक छोटा पोर्ट, म्हणजे सुईने औषध सोडण्याची डबी, बसवतात, त्याची नळी उदरपोकळीत सोडतात आणि कोमट केलेल्या सुमारे दोन लिटर सलाइनमधून औषध आत जाते, मग ते सगळीकडे पोहोचावे म्हणून रुग्णाला थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवत राहतात. सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही त्यातील औषधे तीच, जी शिरेतूनही देतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या पद्धतीने मध्यक आयुर्मान, केवळ शिरेतून औषध घेतलेल्यांच्या ४९.७ वरून ६५.६ महिन्यांवर गेले. अर्थात, त्याच चाचणीत पोटदुखी, मळमळ आणि नळीच्या तक्रारींमुळे सहाही फेऱ्या पोटातून पूर्ण करू शकलेल्या स्त्रिया अवघ्या ४२ टक्के होत्या, आणि पुढे २०१९ साली आलेल्या आणखी एका मोठ्या चाचणीत हा लाभ दिसला नाही. म्हणून हा उपचार सरसकट सर्वांना द्यावा, असे मी म्हणत नाही. त्याला पोर्ट सांभाळणारी तरबेज परिचारिका हवी, आणि माझ्या मते आपल्याकडे खरी वाण तिचीच आहे.

पोटातून दिलेले औषध गाठीच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही मिलिमीटर आत मुरते. त्यामुळे मावशींना बार्शीला न्या की पुण्याला, शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेली सर्वांत मोठी गाठ किती आकाराची आहे, हे शल्यविशारदांना अवश्य विचारा. ती एक सेंटीमीटरहून मोठी असेल, तर पोटातील केमोचा आग्रह मीही धरणार नाही. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडांवर ताण येतो, तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, ताजा अहवालही सोबत असू द्या.