‘द अप्रेंटिस’ बघून नोकरी शोधू नका

नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींना रील्समधून आणि व्हॉट्सअॅपवरून एक सल्ला सारखा मिळतो: ‘द अप्रेंटिस’ हा नोकरीसाठी स्पर्धा लावणारा टीव्हीवरचा रिअॅलिटी शो बघा, भरती खरी कशी होते ते कळेल. आक्रमक व्हा, सगळ्यांत लायक असाल तर निवड होणारच, आणि एकदा निवड झाली की आयुष्य मार्गी लागलं. हे खरं मानून मुलं नकाराचा सगळा दोष स्वतःवर घेतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘ती खरी भरती असते.’ नाही. २००४ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर हा कार्यक्रम आणणारे निर्माते मार्क बर्नेट हे ‘सर्व्हायव्हर’ या रिअॅलिटी शोचेही निर्माते. साचा तोच: सोळा स्पर्धक, आणि भागाभागाला कुणीतरी बाद. कुणाला बाद करायचं ते जिथे ठरतं त्या बोर्डरूममध्ये तासन्‌तास चाललेलं बोलणं आपल्यापर्यंत पोचतं ते काही मिनिटांचं, त्यातही भांडणंच जास्त. कंपनी जागा भरते तेव्हा तिला काम करणारा माणूस हवा असतो; वाहिनीला पुढच्या आठवड्याचा प्रेक्षक हवा असतो.

‘आक्रमक माणूसच जिंकतो.’ पडद्यावर, हो. पण निवडपद्धतींवरच्या संशोधनाचे १९९८ आणि २०२२ मधले दोन मोठे आढावे पाहिले, तर सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा भरवशाची ठरते. तिथे चढा आवाज उपयोगी पडत नाही. तुम्ही काय काम केलंत, अडचण आली तेव्हा काय केलंत, याची नेमकी उदाहरणं लागतात. ती आधी लिहून काढा.

‘लायक असाल तर निवड होणारच.’ सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने केलंय. जागा अचानक ‘होल्ड’वर जाते. कंपनीतलाच कुणीतरी आधी ठरलेला असतो. तुमचा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असतो आणि त्यांना माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. यातलं काहीच तुम्हाला कळवलं जात नाही. मेल येत नाही, फोन उचलला जात नाही. त्या शांततेवरून स्वतःची किंमत ठरवू नका.

शिवाय ओळखीचा भाग आहेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरदारांचा अभ्यास केला; तो १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आला. निम्म्याहून जास्त जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, आणि ती ओळख बहुतेकदा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाची होती. ज्या घरातलं कुणीच कधी ऑफिसात गेलं नाही, तिथल्या मुलीकडे अशा ओळखी कुठून येणार? त्या तिला जोडाव्या लागतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कॉलेजच्या सीनियरला, नोकरी बदलून गेलेल्या सहकाऱ्याला ‘नोकरी लावा’ म्हणू नका. ‘तुमच्याकडे कुठल्या जागा भरताहेत आणि त्यासाठी काय यावं लागतं?’ असं विचारा. याचं उत्तर माणसं आनंदाने देतात.

‘निवड झाली की आयुष्य मार्गी.’ ‘द अप्रेंटिस’च्या अमेरिकेतल्या पहिल्या विजेत्याला मिळाला तो अडीच लाख डॉलर पगाराचा, एका वर्षाचा करार. याच कार्यक्रमाच्या ब्रिटिश आवृत्तीतल्या २०१० च्या विजेत्या स्टेला इंग्लिश यांना एक लाख पौंड पगाराची नोकरी मिळाली; काम नावापुरतंच आहे असं म्हणत त्यांनी ती सोडली आणि त्या कार्यक्रमात नोकरी देणारे उद्योजक अॅलन शुगर यांच्याविरुद्ध दावा केला. न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये तो फेटाळला. त्याआधी, २०११ पासूनच, ब्रिटिश कार्यक्रमाने नोकरीचं बक्षीस बंद करून विजेत्याच्या धंद्यात अडीच लाख पौंड गुंतवायला सुरुवात केली होती.

आपल्याकडे निवड झाल्यावरच खरं वाचन सुरू होतं. सीटीसीतला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चातला, किती भाग हातात येणार, प्रोबेशन किती महिन्यांचं, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड आहे का, हे ऑफर लेटरमध्ये शोधा. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. जुन्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, पडताळणीत त्या मागतात. आणि नोकरी देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच मागे फिरा.