डायलिसिसला तारीख पुढची चालत नाही

‘निधी कापल्यावर खासगी दवाखाने योजनेतून बाहेर पडले, तरी सरकारी रुग्णालयं आहेतच,’ हे महात्मा फुले जनआरोग्य योजनेवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या नानांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, याच योजनेतून, सरकारच्या खर्चाने होतं. शिंदखेड्याहून पहाटेची एसटी धरून धुळ्याला जायचं. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शिरा जोडलेल्या, हाताला धक्का नको म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो. मागे आरोग्यमित्राने, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाने, हळूच सांगितलं, ‘बिलं अडकलीत, पुढच्या महिन्याचं विचारून या.’ त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. सरकारीत नंबर लागेपर्यंत नानांनी थांबायचं कसं?

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून हीच योजना ज्या ८ जिल्ह्यांत आधी आली, त्यांत धुळे होतं. पुढे दीड लाखाचं संरक्षण ५ लाख केलं, चांगलंच केलं. पण दवाखान्याला पैसे वेळेवर द्या. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला तर धुळंही जवळ नाही.