कुंभाराकडे दहा दिवस

शिक्षणावरच्या एका लेखात लेखक म्हणतात, २०२०च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून हातकाम आणलं, आता गोव्यातली पोरं सरकारी नोकरीकडे डोळे लावून बसणार नाहीत. बसतील हो! सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळ्याकडे शिकायचं, ही कल्पना छानच. पण अकराव्या दिवशी आपणहून कुंभाराकडे गेलेलं एक पोर आमच्या डिचोलीत दाखवा. आईबापच ओरडतात, "चिखल तुडवायला शाळेत घातलंय काय?"

माझा भाचा आयटीआयत इलेक्ट्रिशियन झाला. दोन वर्षांचा ट्रेड, अभ्यासक्रम दिल्लीचा. असू दे, व्यवसाय प्रशिक्षण राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतच, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या विषयांच्या यादीतच आहे. पण समवर्ती म्हणजे राज्यालाही अधिकार आहेत ना? २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रकवाले आणि गॅरेजवाले रिकामे झाले, तेव्हा त्यांना दुसरं काय शिकवायचं हे पणजीनेच ठरवायला हवं होतं. आमच्याकडे कर्जमाफीचीच चर्चा जास्त ऐकली.

भाचा पुढे वेर्ण्याला एका कारखान्यात अॅप्रेंटिस लागला. १९६१चा कायदा आहे म्हणून स्टायपेंड तरी मिळाला. वर्ष संपलं, नवी तुकडी आली, हा घरी. सध्या वीज खात्याच्या जाहिरातीची वाट बघतोय.