बाराखडीच्या आधी काय? गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

"पोरांना वर्गात कोरकू बोलू देता, बायांना बाराखडीआधी पासबुक देता. हे लाड आहेत. येत नसेल त्याला खालच्या वर्गात बसवा. आमच्या वेळी सगळ्यांना एकच पाटी होती अन् सगळे शिकले," असं तुम्ही माझ्या शिकवण्याबद्दल लिहिलंत. सगळे नाही शिकले, गुरुजी. ज्यांची शाळा दुसरीतच सुटली, त्यातल्या काहीजणी संध्याकाळी लिहा-वाचायला शिकायला माझ्यासमोर बसतात.

आधी पोरांचं. मेळघाटातलं पहिलीचं पोर "आई आला" म्हणतं, तेव्हा ते ढ नसतं. त्याच्या घरची भाषा कोरकू, ही आदिवासी भाषा; तिच्यात नामांचे भाग सजीव-निर्जीव असे पडतात. तो-ती-ते हा प्रकारच नाही. आपल्या वऱ्हाडी घरातलं पोर हे ऐकता ऐकता शिकूनच शाळेत येतं, कोरकू पोराला ते पहिल्यांदा शाळेत भेटतं. म्हणून सुरुवातीला पाटी बाजूला ठेवून नुसतं बोलणं चालतं: चित्र दाखवायचं, कोण आला, कोण आली, काय पडलं? मध्येच कोरकूत विचारलं तर कोरकूत सांगायचं. बाराखडी घोटून ते धडा खडाखडा वाचेलही, पण अर्थ विचारला की तोंडाकडे बघत राहील.

बायांचं नेमकं उलटं. बोलण्यात त्या मलाच गुंडाळतील, हिशेब तोंडी चोख. अडतं ते अक्षराशी. (काहींचं तर अक्षराशीही नाही, चाळिशीशी. चष्मा आला अन् निम्मं काम झालं.) बचत गटाच्या पासबुकातला पहिला शब्द बघा: बचत. ना काना, ना मात्रा, अन् अर्थ सगळ्यांना पाठ. मग "बाकी" आलं की काना आणि दुसरी वेलांटी आली, "कर्ज"मध्ये रफार, "व्याज"मध्ये जोडाक्षर. म्हणजे बाराखडी मी टाळत नाही, पासबुकातूनच शिकवते. पन्नाशीच्या बाईला "अ अननसाचा" म्हणायला लावलं तर ती दुसऱ्या दिवशी वावरातलं काम सांगून येत नाही.

खालच्या वर्गाचं म्हणाल, तर 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 सांगतं की शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवा आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्या. आईबापासोबत कामाला बाहेरगावी जाऊन आलेला सहावीतला मुलगा धाकट्या बहिणीचं पुस्तक हातात धरत नाही, लाज वाटते. त्याला एसटीच्या पाट्या दिल्या: धारणी, परतवाडा, चिखलदरा. भांडून वाचतो.

घोटून घेण्याबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. हात वळायला गिरवावंच लागतं, मोठ्यांना तर जास्तच.

एक काम होतं. शब्द सोपे पण मजकूर बाळबोध नाही, असं अकरा-बारा वर्षांच्या पोरांजोगतं वाचायला फार कमी मिळतं. तुमच्या कपाटात किशोर मासिकाचे जुने अंक असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.